‘चांगली होती सेवा’ म्हणजे नेमके काय? सार्वजनिक रुग्णालयातील बाळंतपण आणि आईचे समाधान

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंत झाली. घरी सोडण्याच्या दिवशी वॉर्डमध्ये तिच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. त्यावर स्वच्छता, जेवण, डॉक्टरांची वागणूक, सिस्टरांची वागणूक असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे खूण करायची होती. एका हातावर बाळ, काखेत केसपेपरची पिशवी, बाहेर रिक्षा थांबलेली आणि शेजारी ज्यांच्याबद्दल विचारले जात होते त्याच सिस्टर उभ्या. तिने सगळीकडे ‘समाधानी’ या शब्दापुढे खूण केली आणि आम्ही घरी आलो. सव्वा महिना उलटल्यावर एका दुपारी बाळाला तेल लावता लावता ती सांगू लागली, की कळांच्या त्या सात तासांत आपल्याशी कोणी धड बोलले नव्हते, आतून तपासणी करणारे डॉक्टर दर वेळी वेगळे होते आणि कोणीही आधी सांगितले नव्हते, खाली टाके पडले आहेत हे तिला दुसऱ्या दिवशी लघवीला बसताना कळले, आणि ती ओरडली तेव्हा तिला जे ऐकवण्यात आले ते तिने माझ्याकडे न पाहता खालच्या आवाजात सांगितले. मी विचारले, “मग त्या कागदावर समाधानी असं का लिहिलंस?” ती म्हणाली, “बाळ सुखरूप होतं ना, ताई.”

तिची दोन्ही उत्तरे खरी होती. सार्वजनिक रुग्णालयातील बाळंतपणाबद्दल माता किती समाधानी आहेत, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण एकाच बाईची दोन खरी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा तो किती गुंतागुंतीचा आहे हे लक्षात येते. जगभरातील संशोधक गेली चाळीसएक वर्षे या गुंत्यावर काम करत आहेत आणि त्यांना जे आढळले ते आपल्याकडील प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे आहे.

समाधान कशाला म्हणायचे

समाधान ही वजन किंवा रक्तदाबासारखी थेट मोजता येणारी गोष्ट नाही. जे मिळेल असे वाटले होते आणि जे प्रत्यक्षात मिळाले, त्यांची माणूस मनातल्या मनात तुलना करतो आणि त्या तुलनेचा निकाल म्हणजे समाधान. त्यामुळे अपेक्षा कमी असेल तर सामान्य सेवेनेही माणूस समाधानी होतो आणि अपेक्षा जास्त असेल तर बऱ्यापैकी सेवेनेही नाराज होतो. ‘सरकारी रुग्णालय म्हटल्यावर चार शब्द ऐकून घ्यावेच लागतात’ असे आईने, सासूने आणि शेजारणीने आधीच सांगून ठेवले असेल, तर ती बाई चार शब्द ऐकून घेण्याच्या तयारीनेच जाते, आणि दोनच ऐकावे लागले तर तिला सेवा चांगली वाटते.

याला आणखी एक बाजू आहे. स्कॉटलंडमधील मॉरीन पोर्टर आणि सॅली मॅकिन्टायर यांनी १९८४ मध्ये असे दाखवून दिले, की गरोदर स्त्रियांना ज्या पद्धतीची सेवा मिळत होती तीच त्यांना योग्य वाटत होती, कारण दुसरी पद्धत त्यांनी पाहिलेली नव्हती आणि रुग्णालय जे करते ते विचारपूर्वकच करत असणार असा त्यांचा विश्वास होता. पहिलटकरणीला तर तुलना करायला काहीच नसते. लेबर रूममध्ये शेजारच्या खाटेवरची बाई पडद्याशिवाय दिसते, तेव्हा ‘असेच असते’ एवढेच ती समजते.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेतच आहे. बाळंतपण झाले की आपण म्हणतो, ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असतो, हेही आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. या शब्दांमागे खरोखरच्या मरणाची आठवण आहे. बाळ रडले, आई शुद्धीवर आहे, रक्तस्राव थांबला आहे, अशा वेळी मनात जी भावना उचंबळून येते ती सुटकेची असते, आणि त्या घटकेला कोणी कागद पुढे केला तर ती सुटकाच ‘समाधान’ म्हणून नोंदवली जाते. मला या संपूर्ण विषयात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयाने बाईचा जीव वाचवला याबद्दलची कृतज्ञता पूर्णपणे रास्त आहे. मात्र तिच्याशी कसे वागले गेले या प्रश्नाचे उत्तर त्या कृतज्ञतेतून मिळत नाही.

टांझानियातील एका अभ्यासात हा फरक आकड्यांत दिसला. तेथे बाळंतपणानंतर रुग्णालयातून बाहेर पडताना स्त्रियांना अवमानकारक वागणुकीबद्दल विचारले गेले, तेव्हा सुमारे १९ टक्के स्त्रियांनी असा अनुभव आल्याचे सांगितले. पाच ते दहा आठवड्यांनी घरी जाऊन विचारले, तेव्हा हे प्रमाण सुमारे २८ टक्के निघाले. घटना तीच, पण विचारण्याची जागा आणि वेळ बदलल्यावर उत्तर बदलले. माझ्या जावेच्या सव्वा महिन्याचा हिशेब याच मुदतीत बसतो.

वेदना कमी झाल्या म्हणजे समाधान वाढते का

बहुतेकांना असे वाटते, की कळा जितक्या तीव्र आणि बाळंतपण जितके लांबलेले, तितकी बाई असमाधानी असणार. कॅनडातील परिचर्या क्षेत्रातील संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये या विषयावरील तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. बाईला बाळंतपणाचा अनुभव कसा वाटला हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरत होते: तिच्या स्वतःच्या अपेक्षा, काळजी घेणाऱ्यांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी जुळलेले नाते आणि निर्णयांत तिला मिळालेला सहभाग. या चार गोष्टींचा प्रभाव इतका मोठा होता, की बाईचे वय, आर्थिक स्थिती, खोलीची रचना, वेदना आणि वैद्यकीय हस्तक्षेप हे सारे त्यापुढे मागे पडत होते.

याचा अर्थ वेदना महत्त्वाच्या नाहीत असा मुळीच नाही. वेदनाशमन हा प्रत्येक बाईचा हक्क आहे आणि आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत तो फारच थोड्या जणींपर्यंत पोहोचतो, ही मोठी उणीव आहे. पण कळा येत असताना ‘आता गर्भाशयाचे तोंड सहा सेंटिमीटर उघडले आहे, अजून काही तास लागतील, बाळाचे ठोके चांगले आहेत’ एवढे सांगणारे कोणी असेल, तर त्याच कळा बाई वेगळ्या रीतीने सोसते. काहीच कळत नसताना येणारी कळ ही वेदनेबरोबर भीतीही घेऊन येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातील काळजीबद्दल ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या, तेव्हा ‘सकारात्मक अनुभव’ हे शब्द शीर्षकातच घातले. आई आणि बाळ जिवंत राहणे हे उद्दिष्ट पुरेसे नाही, बाईला तो अनुभव आपला वाटला पाहिजे, अशी ही भूमिका आहे. त्या शिफारशींतील काही गोष्टी आपल्याकडील घरोघरच्या समजुतींना धक्का देणाऱ्या आहेत. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या वेगाने उघडलेच पाहिजे, असा जुना आडाखा होता. निरोगी बाईच्या बाबतीत केवळ तो वेग कमी आहे म्हणून कळा वाढवण्याचे औषध देणे किंवा सिझेरियनकडे वळणे योग्य नाही, असे संघटनेने स्पष्ट सांगितले. प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद देऊन टाके घालणे, बाळ बाहेर यावे म्हणून पोटावर जोराने दाब देणे, सरसकट एनिमा देणे, गुप्तांगावरचे केस काढणे या प्रथांची शिफारस केली जात नाही. सक्रिय कळा सुरू झाल्यावर आतून तपासणी साधारण चार तासांच्या अंतराने पुरेशी असते. बाईला चालण्याची, बसण्याची, आपल्याला सोयीची वाटेल ती स्थिती घेण्याची मोकळीक असावी आणि तिला काही खाण्यापिण्याची इच्छा झाली तर, धोका नसल्यास, ते मिळावे.

यांतील काही गोष्टींना पैसा किंवा जागा लागते, हे मान्य केले पाहिजे. एकाच खोलीत आठ खाटा असतील तर प्रत्येकीला चालायला सांगणे सोपे नाही. पण दर अर्ध्या तासाला वेगवेगळ्या व्यक्तींनी तपासणी न करणे, तपासणीआधी सांगणे, पोट न दाबणे यासाठी नवी इमारत लागत नाही.

अपमानाची मोजदाद

पूर्वी या विषयावर बोलताना ‘सेवेत सुधारणा हवी’ असे मोघम म्हटले जाई. डायना बाउझर आणि कॅथलीन हिल यांनी २०१० मध्ये प्रसूतीगृहांतील अवमानाचे सात प्रकार वेगळे करून दाखवले: मारहाण, संमतीविना उपचार, गोपनीयतेचा भंग, प्रतिष्ठेला धक्का देणारे वागणे, भेदभाव, एकटे सोडून देणे आणि बिल भरले नाही म्हणून अडवून ठेवणे. नाव मिळाल्यामुळे या गोष्टी मोजता येऊ लागल्या. मेगन बोहरेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३४ देशांतील ६५ अभ्यास एकत्र पाहिले, आणि त्यातून हे दिसले, की हा प्रश्न कोण्या एका देशाचा किंवा कोण्या एका वाईट सिस्टरचा नाही. तो रुग्णालये ज्या पद्धतीने चालतात त्यात मुरलेला आहे.

त्याच गटाने पुढे घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या चार देशांत कळांच्या वेळी प्रत्यक्ष शेजारी बसून निरीक्षण केले. निरीक्षणाखालील २,०१६ स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांना शारीरिक इजा, शिवीगाळ किंवा हिणवणूक सोसावी लागली. यातील एक निष्कर्ष मला विशेष विचार करायला लावतो: असे वागणे सर्वांत जास्त कधी घडते, तर बाळ जन्मण्याच्या आधीची ३० मिनिटे आणि नंतरची १५ मिनिटे या काळात. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा डॉक्टर आणि सिस्टरही घाबरलेले असतात. बाळाचे ठोके मंदावत आहेत, बाई जोर लावत नाही, मागे आणखी दोघी रांगेत आहेत, अशा वेळी आवाज चढतो, मांडीवर चापट बसते, आणि ‘बाळासाठीच केले’ हे त्याचे समर्थन तयार असते. हे समर्थन खोटे असते असे मी म्हणणार नाही, कारण ती भीती खरी असते. पण मारल्याने बाई जोर लावते असा पुरावा नाही, आणि श्वास कसा घ्यायचा व कळ आल्यावरच जोर का लावायचा हे शांतपणे सांगणारी सिस्टर त्याच खोलीत, त्याच गर्दीत, पुढच्या खाटेशी उभी असते, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

संमतीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण घरचे लोकही हा मुद्दा किरकोळ समजतात. भरती होताना एका कागदावर सही घेतली म्हणजे पुढच्या प्रत्येक गोष्टीला संमती मिळाली, असा समज सर्वत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हे स्पष्ट केले, की एका कारणासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही आणि रुग्णाला पुरेशी माहिती देऊन मिळवलेली संमतीच खरी संमती ठरते. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर तो अपवाद. कळा चालू असलेल्या बाईला लांबलचक माहिती देता येत नाही हे खरे, पण ‘बाळाला त्रास होतो आहे, थोडा छेद घ्यावा लागेल, भूल देते’ या वाक्याला किती वेळ लागतो? हे एक वाक्य माझ्या जावेला मिळाले असते तर टाके तितकेच पडले असते, पण ते आपल्याला दुसऱ्या दिवशी अचानक सापडले, ही भावना तिच्या वाट्याला आली नसती.

मुंबईतील परिस्थिती

महाराष्ट्रात आता घरी बाळंतपण क्वचितच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात किंवा प्रसूतीगृहात झाली. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशाचे ९७. २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना आणि २०११ मधील जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांनी बाईला रुग्णालयापर्यंत आणण्याचे काम मोठ्या प्रमाणात केले. या दुसऱ्या कार्यक्रमानुसार सार्वजनिक रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण हे सारे मोफत आहे, आणि नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस व सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत आहारही मोफत आहे. बाई रुग्णालयात पोहोचते, ही लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकली आहे. तिथे पोहोचल्यावर तिचे काय होते, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो आता विचारता येतो हेच आधीच्या यशाचे फळ आहे.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला संकोचणाऱ्या स्त्रिया उपचाराविना राहत, म्हणून मुंबईत स्त्री डॉक्टरांनी चालवायचे कामा रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली होती आणि एडिथ पेची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरांनी त्याची धुरा सांभाळली. पुढे डॉ. रखमाबाई यांनीही तेथे काही काळ काम केले. बाईला रुग्णालयात कसे वाटते यावर ती तिथे येईल की नाही हे ठरते, ही जाण या शहराने तेव्हाच दाखवली होती.

आजचे अडथळे वेगळे आहेत. मुंबईत बाई साधारणपणे घराजवळच्या महापालिकेच्या प्रसूतीगृहात नाव नोंदवते; रक्तदाब वाढला, बाळ आडवे असले किंवा काही गुंतागुंत दिसली की तिला मोठ्या रुग्णालयात, म्हणजे केईएम, शीव, नायर, कूपर अशा ठिकाणी पाठवले जाते. वैद्यकीयदृष्ट्या ही व्यवस्था योग्य आहे, कारण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग प्रत्येक प्रसूतीगृहात असू शकत नाही. पण बाईच्या बाजूने पाहिले तर नऊ महिने ओळखीची झालेली सिस्टर मागे राहते, रात्री रुग्णवाहिकेतून किंवा टॅक्सीने अनोळखी इमारतीत यावे लागते, तिथे पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न विचारले जातात आणि ‘आधी का नाही आलात?’ हेही ऐकावे लागते. का पाठवले जात आहे हे पाठवतानाच नीट सांगितले आणि कागदावर स्पष्ट लिहिले, तर यातील निम्मी घालमेल कमी होईल, असे मला वाटते.

मोठ्या रुग्णालयांवर उपनगरांतूनच नव्हे, तर ठाणे, रायगड, पालघर या भागांतूनही गुंतागुंतीच्या केसेस येतात. निवासी डॉक्टर सलग कित्येक तास ड्युटीवर असतात, सिस्टरांच्या वाट्याला जितक्या बाळंतिणी याव्यात त्याहून खूप जास्त येतात. आठ जणींकडे एकाच वेळी पाहणाऱ्या सिस्टरने प्रत्येकीची विचारपूस करावी ही अपेक्षा करताना तिच्या ड्युटीचे गणितही मांडले पाहिजे. आईचा सन्मान आणि कर्मचाऱ्यांची परिस्थिती हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्यांना स्वतःला पाणी प्यायला सवड नाही त्यांच्याकडून मऊ शब्दाची सक्ती करता येत नाही. तरीही गर्दीने सगळ्याचा उलगडा होत नाही. बाईचे कपडे, तिची भाषा, तिचे हे कितवे मूल आहे, यावर बोलण्याचा सूर बदलतो, आणि तो गर्दीमुळे बदलत नाही. मुंबईच्या वॉर्डात एका रांगेत मराठी, भोजपुरी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या बायका असतात; जिला सूचना समजत नाही ती ‘ऐकत नाही’ असे ठरवले जाते.

पैशांचा एक लहान पण बोचरा भागही आहे. बाळ झाल्यावर पेढ्यांसाठी, चहापाण्यासाठी म्हणून मागितले जाणारे पैसे, आणि मुलगा असला तर जास्त. सगळीकडे असे होते असे नाही. परंतु जेथे होते तेथे मोफत सेवेतून मिळालेला विश्वास त्या शंभर-दोनशे रुपयांत गमावला जातो.

सोबत

सर्वांत भक्कम पुरावा कशाचा असेल तर तो सोबतीचा. कळांच्या सुरुवातीपासून बाळ होईपर्यंत बाईजवळ सतत एक आधार देणारी व्यक्ती असली तर काय होते, यावर जगभरात प्रयोग झाले. २०१७ मध्ये १७ देशांतील २६ प्रयोगांचा, त्यांत भाग घेतलेल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. सोबत मिळालेल्या स्त्रियांचे नैसर्गिक बाळंतपण होण्याची शक्यता वाढली, सिझेरियनची कमी झाली, कळांचा काळ काहीसा घटला आणि अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्यांची संख्याही घटली. हे औषध नाही, यंत्र नाही. पाठ चोळणारा, पाणी पाजणारा आणि काय चालले आहे ते समजावून सांगणारा माणूस, एवढेच.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत अशी सोबतीण असू द्यावी, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातील स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, पूर्ण वेळ थांबावे, उपचारांत हस्तक्षेप करू नये आणि इतर बाळंतिणींकडे जाऊ नये, अशा साध्या अटी आहेत. जेथे आडोशाची नीट सोय आहे तेथे पतीलाही परवानगी देता येते. प्रत्यक्षात मात्र मुंबईत आजही पुष्कळदा सासू, आई किंवा नणंद बाहेर जिन्यात पास हातात धरून बसलेल्या असतात आणि दार उघडले की मान उंचावून पाहतात. जागा नाही, पडदे नाहीत, गर्दी होईल, नातेवाईक वाद घालतात ही कारणे सांगितली जातात. त्यातील पडद्याचे कारण खरे आहे, आणि पडदे लावता येतात. वाद होण्याच्या भीतीबद्दल मला उलट वाटते. बाहेर सहा तास काहीच न कळता बसलेला नातेवाईक जास्त संतापतो. आत काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहणारी आई डॉक्टरांचे कष्टही पाहते.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या उपक्रमात लेबर रूम आणि प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरची गुणवत्ता सुधारण्यावर भर आहे, त्यात सोबतीण, आडोसा आणि सन्मानाची वागणूक यांचा समावेश आहे. २०१९ मधील ‘सुमन’, म्हणजे सुरक्षित मातृत्व आश्वासन, या योजनेने सेवा नाकारण्याबाबत शून्य सहनशीलता आणि सन्मानपूर्वक काळजीची हमी दिली. ‘लक्ष्य’मध्ये किमान ८० टक्के लाभार्थी समाधानी किंवा अतिशय समाधानी असावेत, असे उद्दिष्टही ठेवले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण तो आकडा माझ्या जावेने भरला तशा कागदावरून निघणार असेल, तर ८० टक्के गाठणे कठीण नाही आणि गाठल्यावर फारसे काही कळणारही नाही.

मग विचारायचे कसे

याचे उत्तर संशोधकांनी बऱ्याच अंशी शोधले आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्न मत विचारतो. त्याऐवजी काय घडले ते विचारावे. केनियात आणि नंतर उत्तर प्रदेशात तपासून पाहिलेली एक प्रश्नावली तीन विषयांभोवती बांधलेली आहे: प्रतिष्ठा आणि आदर, संवाद आणि स्वतःच्या निर्णयाचा हक्क, आणि आधार देणारी काळजी. तशा धर्तीचे प्रश्न साध्या मराठीत असे विचारता येतील. डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी आपले नाव सांगितले का? तुम्हाला नावाने हाक मारली का? आतून तपासणी करण्याआधी सांगितले का? तपासताना पडदा होता का? औषध कशासाठी आहे ते सांगितले का? तुम्हाला प्रश्न विचारता आला का? बोलावल्यावर कोणी आले का? कळांच्या वेळी जवळचे माणूस होते का? कोणी ओरडले, हिणवले, मारले का? कोणी पैसे मागितले का?

अशा प्रश्नांना कृतज्ञ बाईही खरी उत्तरे देऊ शकते, कारण त्यात सिस्टरला नावे ठेवल्यासारखे वाटत नाही. शिवाय उत्तरातून काय दुरुस्त करायचे हे थेट समजते. ‘६० टक्के समाधानी’ यावरून अधीक्षकांना काही ठरवता येत नाही. ‘तपासणीआधी सांगितले नाही’ असे दहापैकी सात जणींनी म्हटले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला काय बोलायचे ते ठरते. विचारणारी व्यक्ती त्या वॉर्डातील नसावी, आणि शक्य असेल तर बाळाच्या दीड महिन्याच्या लसीकरणाच्या वेळी विचारावे. मुंबईत आरोग्यसेविका घरोघरी जातात आणि लसीकरणाला बाई येतेच. त्यामुळे यासाठी वेगळी यंत्रणा उभी करण्याची गरज नाही.

घरच्यांनाही काही गोष्टी आतापासून करता येतील. आठव्या महिन्यातील तपासणीलाच सोबतीण आत येऊ शकेल का हे विचारून ठेवावे आणि कोण येणार ते ठरवावे. माहेरची आई गावाहून येणार असेल तर तारीख जवळ येण्याआधी तिला बोलावून घ्यावे. नोंदणीचे कागद, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत असावेत, म्हणजे रात्री पाठवणी झाली तर नव्या ठिकाणी तेच प्रश्न कमी वेळा विचारले जातील. बाईला आधीच सांगून ठेवावे, की ‘काय करताय, मला सांगा’ असे म्हणण्याने कोणाचा अपमान होत नाही. तक्रार करायची असेल तर वॉर्डातील इन्चार्ज सिस्टर किंवा रुग्णालयाचे अधीक्षक यांच्याकडे लेखी द्यावी आणि एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी. चांगला अनुभव आला असेल तर तोही लेखी द्यावा, त्या सिस्टरचे नाव घालून. तिची बढती किंवा बदली ठरवणाऱ्यांच्या टेबलावर असा कागद फार क्वचित पोहोचतो.

माझ्या जावेला मी नंतर हेच वरचे प्रश्न एकेक करून विचारले. बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ आले. नावाने हाक मारली का, यावर मात्र ती थांबली. पहाटे ड्युटी बदलल्यावर एक वयस्क मावशी आल्या होत्या, सफाईचे काम करणाऱ्या. त्यांनी खाटेला लावलेल्या कागदावरचे नाव वाचून तिला हाक मारली, तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि बाळ होईपर्यंत जाता-येता तिच्याशी बोलत राहिल्या. त्या दिवशी भरून दिलेल्या कागदावर मावशींसाठी रकाना नव्हता.